‘फक्त नंबर काढून द्या, मॅडम!’

गेल्या वर्षी ऐन सबमिशनच्या आठवड्यात माझ्या चष्म्याची दांडी मोडली. हॉस्टेलवर यावर तीन उपाय असतात. फेविक्विक, सेलोटेप आणि शेजारच्या रूममधल्या ढापण्याचा जुना चष्मा! मी तिन्ही करून पाहिले. तिसऱ्या उपायाने डोकं ठणकायला लागलं तेव्हा रूममेट म्हणाला, "अरे, गेटसमोरच्या दुकानात जा ना. कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत नंबर काढून देतात, वर फ्रेमवर डिस्काउंट." मी निघालोच होतो. पण फोनवर बोलता बोलता आईला सांगितलं आणि फसलो. माझ्या आजोबांना काचबिंदू होता आणि तो कळला तेव्हा फार उशीर झाला होता. त्यामुळे डोळ्यांच्या बाबतीत आमच्या घरी आईपुढे कुणाचं चालत नाही. "दुकानात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," असा हुकूम सुटला.

मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता एका हॉस्पिटलच्या नेत्र विभागात केसपेपर हातात घेऊन रांगेत उभा राहिलो. रूममेट बाईक घेऊन सोबत आला होता. दुपारी दोनला प्रॅक्टिकल होतं. आत गेल्यावर माझं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, फक्त नंबर काढून द्या, सबमिशन चाललंय." मॅडमनी वर न बघताच उत्तर दिलं, "नंबर देईन. पण थेंब घालून पडदा बघितल्याशिवाय सोडणार नाही."

त्या दिवशी जे जे झालं ते सविस्तर लिहितोय. हॉस्टेलवर निम्म्या लोकांना चष्मा आहे आणि त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदाही डोळ्यांत थेंब घालून घेतलेले नाहीत (मी रात्री मेसमध्ये फिरून विचारलं!).

सुरुवात प्रश्नांनी होते. चष्मा कधीपासून, नंबर दरवर्षी वाढतो का, घरात कुणाला काचबिंदू, मधुमेह, ब्लडप्रेशर, डोळ्याला कधी मार लागलाय का, कुठली औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे का. मोडका असला तरी जुना चष्मा सोबत न्यावा, कारण त्यावरून जुना नंबर मोजता येतो. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी डबी न्यावी, लेन्स काढाव्या लागतात. शेवटी मॅडमनी विचारलं, "डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखं होतं का? काळे ठिपके, जाळं असं काही तरंगताना दिसतं?" मी "नाही" म्हणालो. हे साफ खोटं होतं. दोन आठवड्यांपासून अंधारात डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मधूनच कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाल्यासारखं व्हायचं. पण रात्री तीनपर्यंत जागून शीट्स काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकणारच, असं मी स्वतःलाच समजावलं होतं. शिवाय ‘हो’ म्हटलं असतं तर वेळ गेला असता ना!

पुढचा भाग सगळ्यांना माहीत असतो, अक्षरांचा तक्ता. हा तक्ता १८६२ साली डच डॉक्टर हर्मन स्नेलन यांनी तयार केला. त्यामागचं गणित आपल्या कामाचं आहे. ६/६ च्या ओळीतलं अक्षर ६ मीटरवरून डोळ्याशी बरोबर ५ मिनिटांचा कोन करतं. म्हणजे एका अंशाचा बारावा भाग. कॅल्क्युलेटरवर करून बघा, अक्षराची उंची ८.७ मिलिमीटर येते. सगळ्यात वरचं ६/६० चं अक्षर याच्या दहापट, ८७ मिलिमीटर. ६/६० दृष्टी म्हणजे नॉर्मल माणूस जे ६० मीटरवरून वाचतो ते तुम्हाला ६ मीटरवर जाऊन वाचावं लागतं. खोली लहान असेल तर तक्ता मागे लावून समोरच्या आरशात दाखवतात, म्हणजे ३ मीटरमध्ये ६ मीटर बसतात.

चष्म्याशिवाय मला ते सगळ्यात मोठं अक्षरही दिसलं नाही. मग बोटं दाखवून "किती?" असं विचारलं. इथे एक सांगतो. एक डोळा झाकून वाचताना हाताच्या फटीतून दुसऱ्या डोळ्याने बघणं, आधीच्या पेशंटचं ऐकून ओळ पाठ करणं हे उद्योग करू नका. ही ओरल नाही, इथे मार्क नाहीत, कॉपी करून नुकसान आपलंच. झाकलेला डोळा तळहाताने दाबूही नका, नंतर त्या डोळ्याला थोडा वेळ धूसर दिसतं.

त्यानंतर मधोमध बारीक भोक असलेली काळी चकती डोळ्यापुढे धरतात. पिनहोल कॅमेरा आपण शाळेत केलाय, तोच हा. भोकातून सुधारून दिसलं तर दोष बहुतेक फोकसचा, चष्म्याने जाईल. नाही सुधारलं तर कारण दुसरीकडे शोधायचं. पाच पैशांची चकती, पण केवढं काम करते!

मग आला तो दुकानवाला ‘कॉम्प्युटर’, म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टोमीटर. हनुवटी टेकवायची, आत बघायचं. लांबवर रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा, तो आधी धूसर होतो, मग स्पष्ट. तो उगाच धूसर होत नाही. आपल्या वयात डोळ्यातलं भिंग जवळच्या वस्तूसाठी पटकन फुगतं. मशीनमध्ये बघताना ते तसंच फुगलेलं राहिलं तर मायनस नंबर खोटाच जास्त येतो. फुगा धूसर करून भिंगाला सैल पडायला लावतात. तरीही आपल्या वयात ते पूर्ण सैल पडेलच असं नाही. म्हणून मशीनचा आकडा हा अंदाज समजायचा, उत्तर नाही.

उत्तर काढतात ते जड गोल फ्रेम नाकावर चढवून, काचा बदलत. "ही बरी की ही? पहिली की दुसरी?" इथे मला चक्क व्हायवाचा घाम फुटला. चुकलं तर नंबर चुकणार! मॅडम म्हणाल्या, "दोन्ही सारख्या वाटल्या तर सारख्या म्हण, तेही उत्तरच आहे." त्यांनी लाल आणि हिरव्या पट्टीवरची अक्षरं दाखवून कुठली ठसठशीत दिसतात ते विचारलं. हिरवा प्रकाश लालपेक्षा जास्त वळतो, त्याचा फोकस अलीकडे पडतो आणि लालचा पलीकडे. मायनस कमी पडत असेल तर लाल पट्टीवरची अक्षरं ठसठशीत दिसतात आणि मायनस जास्त झाला तर हिरवीवरची. मला हिरवी दिसत होती. म्हणजे माझा जुना, दहा मिनिटांतला चष्मा गरजेपेक्षा जास्त नंबरचा होता!

नंबर म्हणजे डायॉप्टर, म्हणजे मीटरमधल्या फोकल लेंथचा व्यस्त. मायनस २ वाल्याला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. माझा मायनस साडेसहा, म्हणजे माझं स्पष्ट जग नाकापासून १५ सेंटिमीटरवर संपतं. पेपरवर ‘सिलिंडर’ आणि ‘ॲक्सिस’ लिहिलेलं असेल तर तुमच्या बुबुळाचा पृष्ठभाग सगळ्या दिशांना सारखा वळलेला नाही, दंडगोल भिंग एका ठरावीक कोनात बसवावं लागेल, असा अर्थ. ॲक्सिसचा कोन चुकवलेला चष्मा डोकं दुखवतोच.

जवळचं वाचन आमच्या वयात दोन मिनिटांत उरकतं. स्टाफ मंडळींचं मात्र तिथे खरं दुखणं. जर्नल हात लांब करून तपासणारे, मोबाईल चष्म्याच्या वरून बघणारे सर सगळ्यांच्या परिचयाचे आहेत (नाव लिहीत नाही, टर्मवर्क बाकी आहे). भिंग वयाबरोबर कडक होत जातं, त्याला ‘चाळिशी’ हे इतकं चपखल नाव मराठीशिवाय कुठे असेल! सर, यात लाजण्यासारखं काही नाही. पण चाळिशीचा तयार चष्मा रस्त्यावरून घेतलात तर पुढच्या दोन तपासण्या राहून जातात आणि चाळिशीनंतर त्याच जास्त महत्त्वाच्या.

त्यातली पहिली डोळ्यातल्या दाबाची. आधी एका मायक्रोस्कोपसमोर बसवून प्रकाशाच्या उभ्या फटीत डोळ्याचा पुढचा भाग बघतात, ते पटकन होतं. मग दाब. काही ठिकाणी डोळ्यावर हवेचा फुस्सकन झोत सोडतात, माणूस दचकतो पण दुखत नाही. माझा दाब गोल्डमन यांच्या पद्धतीने मोजला. डोळा बधिर करणारा थेंब, मग पिवळा रंग, आणि निळ्या उजेडात एक छोटा चकचकीत दट्ट्या बुबुळाला अलगद टेकवतात. तत्त्व आपलंच, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. बुबुळाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट व्हायला किती बल लागतं ते मोजायचं. ३.०६ च का? एक तर या मापाला बुबुळाचा ताठपणा आणि अश्रूंचं पृष्ठताण एकमेकांना काटतात. दुसरं म्हणजे एवढ्या क्षेत्रफळावर १ ग्रॅम बल म्हणजे बरोबर १० मिलिमीटर पाऱ्याचा दाब. पाऱ्याची घनता १३.६ घेऊन पडताळून पाहा, जमतं! फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला हे उदाहरण कुणी दिलं असतं तर मला एम.एस.ई.त चार मार्क जास्त पडले असते.

साधारण १० ते २१ हा दाब नेहमीचा समजतात. माझा १६ आला. पण दाब नॉर्मल असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून मागची नसही बघावीच लागते. माझ्या आजोबांना दुखत नव्हतं, पेपर वाचता येत होता, समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. फक्त ते दाराच्या चौकटीला धडकायला लागले. आम्हाला वाटलं, वय झालं. काचबिंदूत नजर कडेकडेने जाते आणि गेलेली परत येत नाही. उरलेली औषधाने टिकवता येते, पण त्यासाठी वेळेत कळायला हवं. आजोबा दर दोन वर्षांनी चष्मा बदलत होते हो! दर वेळी दुकानातूनच. ज्यांच्या घरात कुणाला काचबिंदू आहे, त्यांनी केसपेपर काढतानाच सांगून टाका.

मी दाबाच्या खोलीत असताना बाहेर वेगळंच नाट्य घडलं. रंगांच्या ठिपक्यांची पुस्तिका तुम्ही पाहिली असेल, जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये काढलेली. माझी तपासणी झाल्यावर ती टेबलावर होती. रूममेटने टाइमपास म्हणून उघडली. पहिल्या पानावरचे १२ सगळ्यांना दिसतात, त्यालाही दिसले. दुसऱ्या पानावर मला ८ दिसला होता, तो म्हणाला ३. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी पुढची पानं दाखवली आणि हळूच विचारलं, "तुमची तपासणी कधी झालीये का?"

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. हा इलेक्ट्रिकलचा गडी लॅबमध्ये रेझिस्टरचे पट्टे मला वाचायला लावायचा, "लाइट कमी आहे रे" म्हणून. नाहीतर सरळ मल्टिमीटर लावायचा. आम्हाला वाटायचं, आळशी आहे. तो रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेची तयारी करत होता. त्या पदाला चष्म्याशिवाय ६/६ नजर आणि रंगांची अचूक ओळख दोन्ही लागतं. लाल-हिरव्याचा हा फरक जन्मजात असतो, आईकडून येतो, मुलींपेक्षा मुलांमध्ये खूप जास्त आढळतो आणि त्यावर उपचार नाही. विशेष चष्मे मिळतात, पण ते लावून मेडिकल पास होता येत नाही. तो दोन तास काहीच बोलला नाही. सगळ्या नोकऱ्यांना ही अट नसते, त्यामुळे त्याने आता तयारीची दिशा बदलली आहे. पण मर्चंट नेव्ही, रेल्वे किंवा सैन्यदलाचा विचार असलेल्यांनी ही दहा मिनिटांची टेस्ट फर्स्ट इयरलाच करून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. परीक्षा पास होऊन मेडिकलला कळणं फार वाईट.

आता थेंब. हे दोनतीनदा घालतात, अर्धा मिनिट चांगलेच झोंबतात. वीस-तीस मिनिटांत बाहुली मोठी होते आणि जवळचं सगळं विरघळतं. उजेड डोळ्यात घुसतो. हे चारसहा तास राहतं. म्हणून त्या दिवशी स्वतः बाईक चालवायची नाही, सोबत कुणीतरी न्यायचं, गॉगल न्यायचा आणि दुपारचं प्रॅक्टिकल विसरायचं. (मायनस नंबरवाल्यांना एक गंमत : चष्मा काढून मोबाईल नाकाजवळ नेला की थेंब घालूनही वाचता येतं. मी १५ सेंटिमीटरवर धरून मेसचे मेसेज वाचले.)

थेंब का? तर बंद खोलीत की-होलमधून बघण्यापेक्षा दार उघडून बघितलेलं बरं म्हणून. डोळ्याच्या आत बघण्याचं पहिलं यंत्र १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी जगापुढे मांडलं. हो, थर्मोडायनॅमिक्सवाले तेच हेल्महोल्ट्झ! शरीरात काही कापाकापी न करता रक्तवाहिन्या नुसत्या बघता येतात अशी ही जागा, म्हणून मधुमेह आणि ब्लडप्रेशरच्या खुणाही इथे दिसतात. मधुमेह असलेल्या स्टाफने नजर उत्तम असली तरी वर्षातून एकदा हे करायलाच हवं.

मला कॉटवर आडवं केलं. मॅडमनी डोक्याला दिवा बांधला, हातात भिंग घेतलं. "वर बघ. डावीकडे. खाली." उजेड इतका प्रखर की डोळ्यांतून धारा. उजवा डोळा झाला. डाव्या डोळ्याच्या एका कोपऱ्यात त्या थांबल्या. परत तिथेच आल्या. एका बोथट दांडीने पापणीवरून जरा दाबलं, परत बघितलं. आणि मग शांतपणे विचारलं, "खरं सांग, चमकतं ना या डोळ्यात?"

मी "हो" म्हणालो.

पडद्याला कडेला घोड्याच्या नालेच्या आकाराची एक बारीक चीर होती. कारण साधं आहे. नॉर्मल डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो, मोठ्या मायनसवाल्याचा त्याहून लांब. पडदा मात्र तेवढाच, तो ताणला जातो, कडेला विरतो. आतला जेलीसारखा पदार्थ आक्रसताना त्याला ओढतो, ती ओढ म्हणजे माझे ‘काजवे’. चिरेतून पाणी मागे शिरलं की भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसा पडदा सुटतो. मग मोठं ऑपरेशन, आणि नजर पूर्वीसारखी येईलच असं नाही. लेसरने चष्मा घालवला तरी ही भीती जात नाही, कारण डोळ्याची लांबी तेवढीच राहते.

"आज लेसर करायचा," मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, "सबमिशन झाल्यावर केला तर?" त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

बाहेर येऊन आईला फोन लावला. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "करून घे. मी निघते." आणि तिचा आवाज फुटला.

लेसरला पंधरा मिनिटं लागली. बधिर करणारा थेंब, डोळ्यावर एक काच, मग हिरवे लखलखाट. दोनतीनदा आत खोल टोचल्यासारखं झालं, बाकी काही नाही. चिरेभोवती बारीक डागांच्या रांगा देऊन पडदा तिथल्या तिथे चिकटवून टाकतात, आपल्या भाषेत स्पॉट वेल्डिंगच! ते पक्कं व्हायला दहा-पंधरा दिवस जातात, तोवर फुटबॉल आणि जिम बंद. बाहेर काही दिसत नाही, त्यामुळे हॉस्टेलवर कुणाचा विश्वास बसेना. ड्रॉइंगच्या सरांनी मात्र केसपेपर न बघताच चार दिवस वाढवून दिले. त्यांच्या सख्ख्या भावाचा पडदा सुटला होता, हे तेव्हा कळलं.

म्हणून हे तेवढं लक्षात ठेवा : अचानक चमकायला लागणं, एकदम काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणं, किंवा नजरेच्या एका बाजूने काळा पडदा सरकत येणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, रविवार असला तरी. एखाददुसरा जुना ठिपका आकाशाकडे बघताना तरंगतो तो बहुतेकांना असतो, त्याने घाबरू नका, पण पुढच्या तपासणीत सांगा.

आणि ज्यासाठी गेलो होतो तो नंबर? तो त्या दिवशी मिळालाच नाही. थेंबांचा असर पूर्ण उतरल्यावर काही दिवसांनी परत बोलावतात, पुन्हा काचा लावून बघतात आणि मगच कागदावर लिहून देतात. जुना चष्मा सातचा होता, नवा साडेसहाचा निघाला. डोकेदुखी गेली.

आता दर सहा महिन्यांनी थेंब घालून पडदा दाखवायचा आहे. पुढची तारीख मिड-सेमनंतरच्या सोमवारी आहे. बाईक रूममेटच चालवणार. सिग्नलचं काय, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं. चौथीपासून सायकल अशीच चालवतोय!"